स्तंभाची तारीख पक्की, पावसाचा आकडा कच्चा

प्रश्न असा आला आहे: गुहेतल्या दगडातल्या ऑक्सिजनवरून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस कळतो म्हणजे नेमके काय करतात? मेघालयातल्या गुहेवरून सिंधू संस्कृती दुष्काळाने संपली हे सिद्ध झाले, असे वाचले, ते खरे का? मग आपल्या महाराष्ट्रात एवढ्या लेण्या असताना इथे असे काम का होत नाही? आणि शेवटी, बस्तरच्या सहलीत कोणीतरी आणून दिलेला लवणस्तंभाचा तुकडा घरी आहे, तो तपासून मिळेल का?

या क्षेत्रात बरीच वर्षे काम केल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचे सगळे त्या अंगाने वाचता येईल. गुहेतल्या स्तंभाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे त्याचे वय. सर्वांत नाजूक बाजू म्हणजे पावसाचे प्रमाण. बातम्यांत नेमके उलटे होते. 'पाऊस इतका घटला' हे ठळक अक्षरांत येते आणि वय कसे काढले याचा उल्लेखही नसतो.

आधी स्तंभ कसा घडतो ते पाहू. पावसाचे पाणी मातीत मुरते. मुळे आणि जिवाणू मातीत कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. तो पाण्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी खालच्या चुनखडकातून झिरपताना त्यातला चुना विरघळवत जाते. गुहेच्या छतातून थेंब बाहेर पडला की गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड मातीपेक्षा कमी असल्याने तो थेंबातून निसटतो आणि विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपात खाली बसतो. छताला लटकतो तो स्टॅलॅक्टाइट, जमिनीवरून वर वाढतो तो स्टॅलॅग्माइट. आम्ही बहुधा दुसराच निवडतो. त्याचे थर एकावर एक सरळ बसलेले असतात, त्यामुळे तळापासून टोकापर्यंतचा क्रम लावणे सोपे जाते. साधारण वाढ वर्षाला १० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे हातभर उंचीचा स्तंभ सहज काही हजार वर्षांचा असतो.

इथे चाणाक्ष वाचक हमखास एक शंका काढतो. चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, समुद्रात साचलेला. स्तंभ त्याच चुन्यातून बनला, तर त्यातला ऑक्सिजनही जुन्या समुद्राचाच असणार. पावसाचा कुठून आला? उत्तर प्रमाणात आहे. विरघळलेल्या बायकार्बोनेटमधला ऑक्सिजन भोवतालच्या पाण्याच्या रेणूंतल्या ऑक्सिजनशी सतत अदलाबदल करतो, आणि पाण्याचे रेणू त्याच्या कित्येक हजार पट असतात. मातीतून छतापर्यंत झिरपायला लागणारा वेळ या अदलाबदलीला बहुतेक ठिकाणी पुरतो. खडकाची सही पुसली जाते, पाण्याची उमटते. कार्बनचे मात्र तसे नाही. त्यात खडकाचा जुना कार्बन शिल्लक राहतो. म्हणूनच स्तंभाचे वय रेडिओकार्बनने काढायला गेलात तर ते फसवे, खऱ्यापेक्षा जास्त येते.

आता समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू. निसर्गातला जवळजवळ सगळा, ९९.७६ टक्के, ऑक्सिजन १६ वजनाचा असतो. १८ वजनाचा सुमारे ०.२ टक्के, म्हणजे पाचशे अणूंमागे एक. जड ऑक्सिजन असलेला पाण्याचा रेणू वाफेत जायला थोडा नाखूष असतो आणि वाफेतून परत थेंबात यायला थोडा उत्सुक. बाकी सगळे शास्त्र या एका गोष्टीतून निघते. फरक अगदी सूक्ष्म असल्याने तो टक्क्यांत न सांगता दर हजारी सांगतात, आणि एका ठरलेल्या मानकाशी तुलना करून सांगतात. पाण्यासाठी मानक समुद्राचे पाणी. कार्बोनेटसाठी, म्हणजे कॅल्साइट, शिंपले अशा चुनायुक्त पदार्थांसाठी, मूळ मानक होते अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या पी डी भूस्तरातले बेलेम्नाइट जीवाश्म. ते केव्हाच संपले, आता त्याच्याशी जुळवलेली दुसरी मानके वापरतात. या मोजमापाला डेल्टा ऑक्सिजन-१८ म्हणतात. आकडा जास्त ऋण म्हणजे नमुना हलका, कमी ऋण म्हणजे जड.

कार्बोनेटमधल्या ऑक्सिजनवरून तापमान काढण्याची कल्पना हॅरोल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडली, समुद्री शिंपल्यांच्या संदर्भात. गुहेतही तापमानाचा परिणाम असतोच: एक अंश सेल्सिअस वाढले की कॅल्साइटचे मूल्य दर हजारी सुमारे ०.२ ने उतरते. पण आपल्याकडे गेल्या दहा हजार वर्षांत तापमान फार तर एक-दोन अंशांनी हलले असेल. त्याचा परिणाम होतो ०.२ ते ०.४. स्तंभांत दिसणारे चढउतार यापेक्षा बरेच मोठे असतात. म्हणून मोसमी प्रदेशात तापमान बाजूला ठेवून पावसाकडे पाहतात, आणि इथून खरी गुंतागुंत सुरू होते.

विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये जगभरच्या पावसाच्या नमुन्यांवरून दाखवले की उष्ण कटिबंधात, विशेषतः बेटांवर, ज्या महिन्यात पाऊस जास्त त्या महिन्याचे पाणी हलके असते. जोराच्या पावसात वाफेतला जड भाग आधीच झडून गेलेला असतो. शिवाय दमट हवेतून पडणाऱ्या थेंबाचे बाष्पीभवन कमी होते. याला 'प्रमाण परिणाम' म्हणतात. अनेक शोधनिबंधांत आणि जवळजवळ सगळ्या बातम्यांत गणित इतकेच असते: स्तंभ जड झाला, म्हणजे पाऊस घटला.

बेटांवर हे बऱ्यापैकी लागू पडते. आपल्याकडे नेहमी नाही. सर्वांत बोलके उदाहरण मेघालयाचेच आहे. चेरापुंजी परिसरात वर्षाला अकरा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या पावसाचे पाणी सलग गोळा करून तपासले तेव्हा जास्त पाऊस आणि हलके पाणी यांचा सरळ संबंध दिसलाच नाही. सर्वांत हलके पाणी पडले ते जोराच्या जून-जुलैत नव्हे, मोसमाच्या शेवटी. एक कारण बंगालच्या उपसागरात आहे. पावसाळ्यात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे, हलके पाणी उपसागराच्या वरच्या थरावर पसरते, आणि मोसमाच्या अखेरीस तिथून उठणारी वाफच मुळात हलकी असते. दुसरे कारण प्रवास. वाफ किती लांबून आली आणि वाटेत किती बरसली, यावर तिचे वजन ठरते. म्हणजे मेघालयातला आकडा बदलला तर तिथला पाऊस बदलला असेल, पाऊस पडण्याचे महिने बदलले असतील, वाफेचा मार्ग बदलला असेल किंवा हे सगळे थोडेथोडे झाले असेल. नुसत्या ऑक्सिजनवरून यातले एक निवडता येत नाही.

चीनमधल्या गुहांचेही असेच. नानजिंगजवळच्या हुलू गुहेची नोंद २००१ मध्ये आली, आणि पुढे अनेक गुहांच्या नोंदी जोडत २०१६ मध्ये ती ६,४०,००० वर्षांपर्यंत मागे नेली गेली. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनाचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या डुलण्याचे, सुमारे २३,००० वर्षांचे चक्र त्यात इतके स्वच्छ उमटले आहे की पहिल्यांदा पाहणारा थक्क होतो. ही या शास्त्राची मोठी कमाई आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्या चढउतारांना 'चीनचा पाऊस' म्हणायचे का याचा. संगणकावरची हवामान प्रारूपे वापरून काही संशोधकांनी दाखवले की हिमयुगातल्या काही अचानक बदलांच्या वेळी चीनच्या गुहांतली जड मूल्ये मुख्यतः हिंदी महासागरावर आणि भारतावर पाऊस घटल्याने आली असावीत. वाटेत कमी झडलेली, म्हणून जड राहिलेली वाफ चीनमध्ये पोचली. म्हणजे आपल्या मोसमी पावसाची नोंद काही अंशी चीनच्या दगडात आहे. मला हा निष्कर्ष फार आवडतो, पण त्यामुळेच कोणत्याही एका गुहेच्या आलेखाला त्या गावचा पर्जन्यमापक समजू नये.

मग वयाबद्दल मी इतका निर्धास्त का? युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ताज्या कॅल्साइटमध्ये थोडे युरेनियम असते, थोरियम नसते. पुढे युरेनियम-२३४ चा ऱ्हास होऊन थोरियम-२३० तयार होत राहते. थोरियम-२३० चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, सुमारे ७५,६०० वर्षे. दोघांचे गुणोत्तर मोजले की वय निघते. ही रीत साधारण सहा लाख वर्षांपर्यंत चालते. चांगला, स्वच्छ, युरेनियम पुरेसे असलेला नमुना असेल तर चार हजार वर्षांच्या वयात दहावीस वर्षांची अनिश्चितता राहते. तळ्याच्या किंवा समुद्राच्या गाळातून इतकी नेमकी तारीख सहसा मिळत नाही.

'चांगला नमुना' हे शब्द मात्र महत्त्वाचे. पावसाळ्यात गुहेत पूर येत असेल तर चिखल स्तंभावर बसतो आणि चिखलासोबत बाहेरचे थोरियम येते. वय फुगते. चिखलासोबतच येणारे थोरियम-२३२ मोजून याची दुरुस्ती करतात, पण दुरुस्ती मोठी असेल तर अनिश्चितता दहावीस वर्षांवरून दोनशे-तीनशेवर जाते. मी दुसऱ्याचा निबंध वाचताना सर्वांत आधी वयांचे कोष्टक उघडतो, आलेख नंतर. किती ठिकाणी वय काढले, दोन वयांमध्ये किती वर्षांचे अंतर, आणि जी घटना गाजते आहे तिच्या अंगाखांद्यावर एखादे वय आहे का. घटना दोन तारखांच्या मधल्या लांबलचक मोकळ्या जागेत पडत असेल, तर तिचे वर्ष म्हणजे अंदाज.

प्रयोगशाळेतले काम ऐकायला सोपे आणि करायला कंटाळवाणे. स्तंभ वाढीच्या अक्षावर हिऱ्याच्या पात्याने उभा चिरतात, घासून गुळगुळीत करतात. बारीक ड्रिलने थराथरातून भुकटी काढतात; एका मोजणीला ५० ते १०० मायक्रोग्रॅम पुरते. ती फॉस्फोरिक आम्लात टाकली की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो वस्तुमान वर्णपटमापीत, म्हणजे वजनानुसार रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, जातो. अचूकता ०.१ च्या आसपास. ड्रिलचे टोक अर्धा मिलिमीटर आणि वाढ वर्षाला ५० मायक्रॉन असेल तर एका भुकटीत दहा वर्षे एकत्र होतात. त्यात छतावरच्या खडकात जुने-नवे पाणी मिसळत असते ते वेगळे. १९७२ सारखा दुष्काळ अशा स्तंभात शोधला तर तो आजूबाजूच्या बऱ्या वर्षांत विरघळून जाईल. अशा स्तंभांत दिसतात ती दशके, शतके.

आणखी एक तपासणी करावी लागते. कॅल्साइट पाण्याशी समतोलात बसले, की थेंब भरभर आटून किंवा वायू झटकन निसटून बसले? दुसऱ्या प्रकारात ऑक्सिजनचे मूल्य गुहेच्या कोपऱ्यातल्या परिस्थितीने बिघडते. सी. एच. हेंडी यांनी १९७१ मध्ये यासाठी कसोटी दिली: एकाच थरावर मध्यापासून कडेपर्यंत मूल्य सारखे राहिले पाहिजे, आणि कार्बन-ऑक्सिजन एकत्र चढउतार करत असतील तर शंका घ्यावी. पाठ्यपुस्तकांत ती अजून आहे, पण एकच थर कडेपर्यंत नेमका पकडणे अवघड, आणि कार्बन-ऑक्सिजन हवामानामुळेही एकत्र हलू शकतात. आता जास्त भरवसा पुनरावृत्तीवर ठेवतात: त्याच गुहेतला दुसरा स्तंभ, जमल्यास शेजारच्या गुहेतला तिसरा, तीच कहाणी सांगतो का? सांगत असेल तर हवामान, नसेल तर त्या एका थेंबाची लहर.

या पार्श्वभूमीवर मेघालय. चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या एका स्तंभात सुमारे ४,००० ते ४,२०० वर्षांपूर्वी ऑक्सिजन ठळकपणे जड होतो. २०१२ मध्ये यावरचा निबंध आला आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संस्थांनी त्याच स्तंभातला एक बिंदू भूकालाच्या एका नव्या विभागाची सुरुवात म्हणून मान्य केला. आपण आज जगतो तो 'मेघालयन' काळ, इ.स. २००० च्या ४,२५० वर्षे आधीपासूनचा. भूकालाची सीमा गुहेतल्या स्तंभात ठरवण्याची ही पहिलीच वेळ. बातम्यांत त्यासोबत 'दोनशे वर्षांचा जागतिक दुष्काळ, इजिप्त, मेसोपोटेमिया आणि सिंधू संस्कृतीचा अंत' असे सगळे जोडून आले.

त्याच वर्षी त्याच गुहेतल्या दुसऱ्या स्तंभांची अधिक बारीक नोंद प्रसिद्ध झाली. तिच्यात एकसंध, अचानक सुरू झालेला महादुष्काळ दिसत नाही; कमजोर मोसमी पावसाचे काही दशकांचे टप्पे दिसतात. पुनरावृत्तीची कसोटी म्हणतात ती हीच.

शिवाय भूगोल. हडप्पा आणि मेघालय यांत दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पण अंतरापेक्षा मोठी अडचण मोसमी पावसाच्या स्वभावात आहे. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो तेव्हा काय होते हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्या दिवसांत कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला असतो, आणि आपण आभाळाकडे डोळे लावून बसलेलो असताना आसाम-मेघालयात धो धो पडत असतो. गुहांतही याची सावली आहे. मध्य भारतातली झुमर गुहा आणि मेघालयातली वाह शिखर गुहा यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा गेल्या सहस्रकात अनेक दशके दोघी उलट दिशेने गेलेल्या दिसल्या. म्हणजे मेघालयावरून सगळ्या भारताचा दुष्काळ सांगणे धोक्याचे.

सिंधू खोऱ्याबद्दल बोलायचे तर उत्तराखंडातल्या पिथोरागढ जिल्ह्यातल्या धरमजाली गुहेवर मी जास्त विसंबेन. २०२३ च्या त्या अभ्यासात ४,२०० ते ३,९७० वर्षांपूर्वीच्या काळात पावसाळा आणि हिवाळा दोन्ही वारंवार कोरडे गेल्याचे दिसते, आणि प्रत्येक दुष्काळ २५ ते ९० वर्षे टिकलेला. मला हा अभ्यास पटतो त्याचे कारण लेखकांनी ऑक्सिजन एकट्यावर भार टाकला नाही. सोबत कार्बन, कॅल्शियमचे समस्थानिक आणि सूक्ष्म मूलद्रव्ये मोजली. कोरड्या काळात पाणी गुहेत पोचण्याआधीच खडकाच्या भेगांत थोडा चुना टाकून येते, त्याचा ठसा या बाकीच्या मोजमापांत उमटतो. तो स्थानिक कोरडेपणा सांगतो, वाफेचा प्रवास सांगत नाही. दोन्ही जुळले की मन भरवसा ठेवते.

तरीही 'दुष्काळाने संस्कृती संपली' हे विधान स्तंभातून निघत नाही. निघते ते इतकेच: मोठी शहरे ओस पडू लागली, त्याच्या आधीची आणि त्या वेळची काही शतके पाण्याच्या दृष्टीने कठीण होती. लोक पूर्वेकडे आणि गुजरातकडे सरकले, वस्त्या लहान झाल्या, हे उत्खननाने दाखवले आहे. त्यातले पावसामुळे किती, नद्यांमुळे किती, व्यापारामुळे किती, याचे उत्तर पुरातत्त्वज्ञांकडे मागावे.

आता महाराष्ट्र. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही माणसाने बेसाल्टमध्ये कोरलेली लेणी. बेसाल्ट म्हणजे लाव्हा. त्यात चुनखडक नाही, म्हणून असे स्तंभही नाहीत. राज्याचा बहुतेक भाग या खडकाखाली झाकलेला आहे. चुनखडक आहे तो मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळच्या पैनगंगा पट्ट्यात, आणि आपल्याला तो सिमेंटमुळे माहीत आहे. याचा एक तोटा मला नेहमी जाणवतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननानंतर पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले की इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले आणि तिथल्या ताम्रपाषाणकालीन जोर्वे संस्कृतीची शेती ढासळली. ही कल्पना तपासायला भीमेच्या खोऱ्यात एखादा स्तंभ हवा होता. तो नाही, मग दूरच्या गुहांवर भागवावे लागते.

जवळच्या म्हणाव्या अशा दोन आहेत. एक उत्तर कन्नड जिल्ह्यातली अकळगवी, गोव्यापासून फार लांब नाही. तिथल्या स्तंभात ३३१ वार्षिक थर मोजता आले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले एम. जी. यादव आणि आर. रमेश यांनी जी. बी. पंत यांच्यासोबत हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध केले. भारतातल्या गुहांचे काम रुळावर आणण्यात रमेश यांचा वाटा फार मोठा. दुसरी बस्तरमधली दंडक गुहा. तिची नोंद इ.स. ६०० ते १५०० पर्यंतची, जवळजवळ वर्षावर्षाची. चौदाव्या-पंधराव्या शतकात मध्य भारतावर मोसमी पाऊस वर्षानुवर्षे कमजोर राहिल्याचे त्यात दिसते. दख्खनच्या इतिहासात १३९६ पासून सुरू होऊन बारा वर्षे चालल्याचे सांगितलेला दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. बस्तर हे मध्य भारताच्या त्या पट्ट्यात येते जिथला पाऊस एकत्र वाढतो-घटतो, आणि विदर्भ त्याला लागून आहे. म्हणून हा मेळ मेघालय-हडप्पा जोडीपेक्षा मला कितीतरी अधिक टिकाऊ वाटतो. 'बारा' या आकड्यावर मात्र मी पैज लावणार नाही. तो लोकस्मृतीत ठरलेला आकडा आहे. स्तंभ त्यापेक्षा लांबलेली, मधूनमधून सावरणारी तूट दाखवतो.

शेवटी तुमच्याकडचा तुकडा. बस्तरमधल्या सहलीच्या गुहा, कुटुमसर वगैरे, कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथून दगड उचलणे कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रयोगशाळा परवान्याशिवाय आलेला नमुना घेतही नाहीत. शास्त्राच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग फार थोडा. तो गुहेत कुठे होता, वरून थेंब अजून पडत होता का, टोक कोणते, तळ कोणता, हे कळल्याशिवाय वय आणि मूल्ये मोजून काही लावता येत नाही. आम्ही स्वतः नमुना घेताना शक्यतो आधीच मोडून पडलेला स्तंभ निवडतो, आणि त्याआधी त्या गुहेत थेंबांखाली काचेच्या पट्ट्या ठेवून आज कोणते कॅल्साइट बसते आहे ते पाहतो, बाहेरच्या पावसाचे आणि आतल्या थेंबांचे पाणी महिन्यामहिन्याने गोळा करतो. तुमच्याकडचा तुकडा परत करायचा असेल तर तो वनविभागाकडे द्या. गुहेत नेऊन मनाने कुठेतरी ठेवू नका, नाहीतर पुढे एखादा संशोधक तो तिथलाच समजून उचलेल.